नाक सिरोंचाचं, मशीन नागपूरचं

‘रिपोर्ट निगेटिव्ह आला!’ २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या तीन शब्दांनी जेवढा आनंद दिला तेवढा बारावीच्या निकालानेही कुणाला दिला नसेल. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण मित्रांनो, तेव्हा एक साधा प्रश्न फार थोड्या लोकांनी विचारला. निगेटिव्ह म्हणजे नेमकं कोण निगेटिव्ह? तो माणूस, की त्याच्या नाकात घातलेली काडी?

प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. फ्लू, आरएसव्ही, कोरोना असे श्वासाच्या वाटेने येणारे सगळे विषाणू आजही बहुतेक ठिकाणी याच काडीने पकडले जातात. आणि आपण इंजिनिअरिंगवाले लोक, म्हणजे सेन्सर, सिग्नल, नॉइज, एरर हे शब्द झोपेत बडबडणारे. मग दवाखान्यातला हा सेन्सर किती भरवशाचा आहे हे आपण नाही तर कोण तपासणार? (मेडिकलवाल्यांनी रागावू नये.)

उदाहरणासाठी मी सिरोंचा निवडलं आहे. आपल्या हॉस्टेलवर पुण्या-मुंबईकडच्या मुलांना सिरोंचा कुठे आहे ते नकाशावर दाखवता येत नाही, म्हणून सांगते. गडचिरोली जिल्ह्याचं अगदी दक्षिणेचं टोक. प्राणहिता आणि गोदावरी इथे एकमेकींना भेटतात. नदीपलीकडे तेलंगणा, कालेश्वरमचं देऊळ, आणि २०१९ पासून मेडिगड्डाचं प्रचंड बॅरेज. बाजारात मराठीपेक्षा तेलुगू जास्त ऐकू येते आणि आतल्या गावांत गोंडी, माडिया. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरहून लांब, तेही आलापल्लीच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने, ज्याच्याबद्दल न लिहिलेलंच बरं! गडचिरोलीहून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. त्यामुळे पेशंट जास्त झाला की घरचे लोक बऱ्याचदा पूल ओलांडून मंचेरियल, करीमनगर किंवा वारंगळ गाठतात. राज्य बदललं तरी चालेल, वेळ वाचली पाहिजे, असा साधा हिशोब.

आता २०२० चा मे महिना आठवा. गडचिरोली हा राज्यात सगळ्यात शेवटी कोरोना पोचलेल्या जिल्ह्यांपैकी एक. सुरुवातीच्या त्या काळात जिल्ह्यातले स्वॅब तपासणीसाठी नागपूरला जात. मागाहून चंद्रपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये लॅब सुरू झाली आणि अंतर कमी झालं. पण तोपर्यंत अवस्था अशी की नाक सिरोंचाचं आणि मशीन नागपूरचं, मध्ये जवळजवळ चारशे किलोमीटर, आणि विदर्भाचा मे महिना. माझा मुद्दा असा आहे की टेस्ट चुकते तेव्हा ती बहुतेक वेळा नागपूरच्या टोकाला चुकत नाही. ती नाकाच्या टोकाला चुकते, किंवा वाटेत, किंवा कॅलेंडरवर. कसं ते पाहू.

आधी मशीनची बाजू मांडते, कारण उगाच बिचाऱ्याला दोष नको. आरटी-पीसीआर म्हणजे काय? फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूत आरएनए असतो. त्याची आधी डीएनएमध्ये नक्कल करायची आणि मग त्या डीएनएचा आपल्याला हवा तो तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करत न्यायचा. ही दुप्पट करण्याची युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली आणि १९९३ मध्ये त्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. चाळीस सायकल म्हणजे दोनचा चाळिसावा घात. कॅल्क्युलेटरवर करून बघा, एक लाख कोटींच्या वर जातं! एवढा गेन असलेला अ‍ॅम्प्लिफायर आपल्या लॅबमध्ये तरी मी पाहिलेला नाही. नमुन्यात विषाणूचे मूठभर तुकडे असले तरी हे मशीन ते शोधून काढतं. तेव्हा मशीनवर शंका घ्यायला जागा कमी. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शून्याला कितीही वेळा दुप्पट करा, शून्यच राहतं. नमुन्यात विषाणू आलाच नसेल तर नागपूरचं मशीन काय करील?

आणि नमुन्यात विषाणू का येत नाही, इथे खरी गंमत आहे. म्हणजे गंमत नाही, पण कळलं ना.

पहिलं कारण हात. नाकातून स्वॅब घ्यायचा म्हणजे नाकपुडीत काडी फिरवून बाहेर काढणं नव्हे. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला जी पोकळी असते तिथपर्यंत काडी पोचली पाहिजे. नाकपुडीपासून कानाच्या भोकापर्यंतचं अंतर डोळ्यासमोर धरा; अडेपर्यंत किंवा साधारण तेवढी खोल ती जाते. शिवाय काडी वर, डोळ्यांच्या दिशेने न्यायची नाही. टाळूला समांतर, सरळ मागे न्यायची. तिथे काही सेकंद ठेवायची, हळू फिरवायची, मग काढायची. पेशंटच्या डोळ्यात पाणी येतं, शिंक येते, लहान मूल असेल तर ते आईच्या हातातून सुटायला बघतं. समोर पीपीई किटमध्ये घामाने निथळणारा माणूस, त्याचा आजचा साठावा पेशंट. आता सांगा, साठाव्या पेशंटची काडी पहिल्या पेशंटइतकीच खोल जाईल का? आपण व्हर्नियर कॅलिपरची दहा रीडिंग घेताना सातव्यापासून अंदाजे लिहायला लागतो...

काडीसुद्धा साधी नाही बरं का. घरातली कान कोरायची कापसाची काडी इथे चालत नाही. लाकडी दांडीतले आणि कॅल्शियम अल्जिनेट नावाच्या एका धाग्यातले पदार्थ पीसीआरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये अडथळा आणतात, म्हणून पॉलिस्टर किंवा नायलॉनचं टोक आणि प्लास्टिकची दांडी वापरतात. त्यातही चांगली काडी म्हणजे ‘फ्लॉक्ड’. तिच्यावर नायलॉनचे बारीक तंतू मखमलीसारखे उभे असतात, त्यामुळे केशाकर्षणाने द्रव आत ओढला जातो आणि ट्यूबमध्ये बुडवल्यावर सहज सुटतो. कापसाच्या बोळ्यात नमुना आत अडकून बसतो. टेक्स्टाईलच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी विषय हवा असल्यास घ्यावा, फुकट देत आहे.

नमुना नीट घेतला गेला की नाही हे कळायला एक छान सोय असते. मशीन विषाणूबरोबर माणसाचा स्वतःचा एक जीनसुद्धा शोधतं, बहुतेक किटमध्ये आरनेज-पी नावाचा. तो सापडलाच नाही तर काडीवर माणसाच्या पेशीच आल्या नाहीत असं समजून रिपोर्ट निगेटिव्ह न देता पुन्हा नमुना मागवायचा. उत्तम कंट्रोल! पण यात एक पळवाट राहतेच. माणसाच्या पेशी नाकपुडीच्या तोंडाशीही असतात. तेवढ्याने कंट्रोल पास होतो. म्हणजे हजेरी लागते, पण मुलगा लेक्चरला खरंच बसला होता की नाही हे हजेरीपत्रक सांगत नाही.

दुसरं कारण वाट. नमुना गुलाबी रंगाच्या द्रवात, म्हणजे व्हीटीएममध्ये, दोन ते आठ डिग्रीवर ठेवायचा आणि साधारण बहात्तर तासांत लॅबला पोचवायचा, नाहीतर उणे सत्तर डिग्रीवर गोठवायचा. पीसीआरला विषाणू जिवंत लागत नाही, पण त्याचा आरएनए शाबूत लागतो, आणि आरएनए हा फार नाजूक प्राणी आहे. बर्फ वितळला, गाडी पंक्चर झाली, पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झाला, की नमुना आतल्या आत खराब होत जातो. ज्याच्यात विषाणू भरपूर होता तो तरीही पॉझिटिव्हच येईल. काठावरचा पेशंट मात्र निगेटिव्हच्या बाजूला घसरतो. म्हणजे नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही.

तिसरं कारण मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे तारीख. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली सात अभ्यासांतले १३३० नमुने एकत्र करून एक आलेख मांडला. कोरोनाची लागण झालेल्या माणसाचा स्वॅब कोणत्या दिवशी चुकून निगेटिव्ह येतो, याचा. लागण झाली त्या दिवशी तपासलं तर जवळजवळ शंभर टक्के चूक, म्हणजे टेस्टचा उपयोगच नाही. लक्षणं सुरू झाली त्या दिवशी ३८ टक्के. लक्षणांनंतर तीन दिवसांनी २० टक्के, हा सगळ्यात चांगला दिवस. त्यानंतर चूक पुन्हा वाढत जाते आणि लागण होऊन एकवीस दिवस झाले की ६६ टक्क्यांवर पोचते. सगळ्यात चांगल्या दिवशीसुद्धा पाचातला एक सुटतो, हे लक्षात घ्या.

आता हा आलेख सिरोंचाला लावा. शहरातला माणूस ताप आला की दुसऱ्या दिवशी टेस्ट करतो. आतल्या गावातला माणूस आधी घरचं औषध, मग पुजारी, मग गावातली आशाताई, मग पीएचसी, अशा पायऱ्या चढत आठव्या-दहाव्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येतो, तोही धाप लागली म्हणून. त्याच्या अडाणीपणाला नावं ठेवायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. मजुरी बुडवून, नाला ओलांडून, गाडीभाडं भरून तापासाठी कोण येईल? पण टेस्टच्या दृष्टीने परिणाम असा की जो सगळ्यात जास्त आजारी, त्याच्याच बाबतीत टेस्टचा चांगला दिवस निघून गेलेला असतो.

आणि दिवसाबरोबर जागाही बदलते. असे विषाणू सहसा आधी नाकात-घशात वाढतात, मग काही जणांत खाली फुप्फुसांत उतरतात. नाकातला जोर ओसरलेला असतो तेव्हा खाली धुमाकूळ चालू असतो. आपण मात्र वरच काडी घालतो. चोर तळघरात आणि पोलीस गच्चीवर! चीनमधल्या २०५ पेशंटच्या १०७० नमुन्यांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये जामा या नियतकालिकात आला. त्यात फुप्फुसात नळी घालून धुवून काढलेल्या द्रवात १५ पैकी १४ नमुने पॉझिटिव्ह, म्हणजे ९३ टक्के. बेडक्यात, म्हणजे खोकून काढलेल्या कफात, ७२ टक्के. घशाच्या स्वॅबमध्ये ३२ टक्के फक्त! नाकाच्या स्वॅबचे ६३ टक्के आले, पण ते आठपैकी पाच. आठ नमुन्यांवर टक्केवारी काढली तर आमच्या सरांनी जर्नलवर लाल शेरा मारला असता, तेव्हा तो आकडा बेताने घ्यावा. घशाचे मात्र ३९८ नमुने होते. फ्लूच्या बाबतीतही हेच आहे. म्हणूनच न्यूमोनियाने गंभीर झालेल्या पेशंटचा नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आला तरी खालचा नमुना तपासा, असं अमेरिकेची सीडीसी ही संस्था डॉक्टरांना सांगते. तसा नमुना घ्यायला व्हेंटिलेटर किंवा ब्रॉन्कोस्कोप लागतो, तो आयसीयूत असतो, आणि आयसीयू... परत तेच चारशे किलोमीटर. खोकून काढलेला कफ मात्र कुठेही मिळू शकतो, पण कोरड्या खोकल्यात तो येतच नाही.

इथे एखादा हुशार मुलगा विचारेल की स्वॅबची सेन्सिटिव्हिटी काढली कशी? कशाच्या तुलनेत? बरोबर प्रश्न! आपण पट्टी तपासायला दुसरी अधिक अचूक पट्टी घेतो. बरीच वर्षं या विषाणूंच्या बाबतीत नाकाचा स्वॅब हीच पट्टी होती. ज्याचा स्वॅब पॉझिटिव्ह तो आजारी, अशी व्याख्याच केली तर स्वॅब कधी चुकणारच नाही, कारण तो स्वतःलाच मोजतो आहे. म्हणून नंतरच्या अभ्यासांत एकाच पेशंटचा स्वॅब, लाळ, कफ आणि आधी-नंतरचं रक्त असं सगळं तपासू लागले, आणि प्रत्येक जादा नमुन्यागणिक स्वॅबने सोडलेले काही पेशंट सापडत गेले. येल विद्यापीठात २०२० मध्ये दाखल असलेल्या सत्तर पेशंटची लाळ आणि नाकाचा स्वॅब दोन्ही तपासले तेव्हा निदानानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत लाळेचे ८१ टक्के नमुने पॉझिटिव्ह होते आणि स्वॅबचे ७१ टक्के. म्हणजे नुसतं थुंकणं थोडं पुढेच निघालं!

थोडं गणित करू या, फार नाही, एम-थ्रीएवढं तर नक्कीच नाही. समजा आपली टेस्ट शंभर आजाऱ्यांतले सत्तर पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या एकाला चुकून पॉझिटिव्ह म्हणते. हे आकडे मी हिशोबासाठी धरले आहेत. आता साथ जोरात असताना वॉर्डात धाप लागलेले शंभर पेशंट आहेत आणि त्यांतल्या साठांना खरोखर तो विषाणू आहे. टेस्ट त्यांतले ४२ पकडेल, १८ सोडेल. उरलेले चाळीस बहुतेक सगळे निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात असलेले ५८ लोक आणि त्यांत १८ आजारी. जवळजवळ तिघांतला एक! या १८ जणांना ‘निगेटिव्ह’ म्हणून साध्या वॉर्डात हलवलं तर शेजारच्या खाटेवरची बाळंतीण, डायबेटिसचे आजोबा, त्यांच्याजवळ बसलेली सून, या सगळ्यांच्या मध्ये आपण विषाणू नेऊन ठेवला. सही-शिक्क्यासकट.

हीच टेस्ट आता आपल्या कॉलेजात आणा. हजार मुलं, कुणाला काही त्रास नाही, फक्त दहा जणांना लागण. टेस्ट सात पकडेल, तीन सोडेल. निगेटिव्ह आलेल्या ९८३ मध्ये फक्त तीन आजारी, म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट इथे बराच विश्वासाचा. पण ९९० निरोग्यांतले एक टक्का, म्हणजे दहा जण उगाच पॉझिटिव्ह निघतील. सतरा पॉझिटिव्हपैकी दहा खोटे! टेस्ट तीच, काडी तीच, मशीन तेच. अर्थ मात्र उलटा झाला. वॉर्डात निगेटिव्हवर संशय घ्यायचा आणि कॉलेजात पॉझिटिव्हवर. जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात दोन मुलांचे एचएमपीव्हीचे रिपोर्ट खासगी लॅबमध्ये पॉझिटिव्ह आले तेव्हा टीव्हीवाल्यांनी लगेच भोंगा वाजवला. सरकारी यंत्रणेने मात्र ‘संशयित’ हाच शब्द धरून ठेवला आणि नमुने फेरतपासणीसाठी एम्स नागपूर आणि पुण्याच्या एनआयव्हीकडे पाठवले. लोकांना तो टाळाटाळीचा प्रकार वाटला असेल. गणिताच्या दृष्टीने ते अगदी योग्य होतं.

‘मग दोनदा टेस्ट करा ना!’ असं आमच्या रूममध्ये लगेच ठरलं. एकदा तीस टक्के चूक, तर दोनदा म्हणजे तीस टक्क्यांचे तीस टक्के, नऊ टक्के. तिसऱ्यांदा केली की संपलंच. कागदावर बरोबर आहे, पण गुणाकार करायचा असेल तर दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र पाहिजेत. पहिल्या वेळी काडी खोल गेली नव्हती आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाने नीट घातली, तर फायदा होईल. पण विषाणू नाक सोडून खाली उतरलाय म्हणून निगेटिव्ह आलं असेल तर दहा वेळा तेच नाक खरवडून काय मिळणार? एकाच फीडरवर दोन मोटारी लावून बॅकअप झाला म्हणण्यासारखं आहे ते. फीडर गेला की दोन्ही बंद. पुन्हा टेस्ट करायची तर जागा बदलून, नमुन्याचा प्रकार बदलून केली पाहिजे.

आता उलट्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर लेख एकतर्फी होईल. नाकात विषाणू सापडला म्हणजे आजार त्यानेच झाला असंही नसतं. २०१९ साली लॅन्सेटमध्ये लहान मुलांच्या न्यूमोनियावरचा सात देशांतला मोठा अभ्यास आला. त्यात दाखल मुलांबरोबर गावातल्या निरोगी मुलांच्याही नाकाचे स्वॅब घेतले होते, आणि त्यांच्या नाकातही कितीतरी विषाणू निघाले. शेंबडं नाक आणि आजारी फुप्फुस यांत फरक आहे. शिवाय पीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडेही मोजतं. बरा झालेला माणूसही कितीतरी दिवस पॉझिटिव्ह दाखवू शकतो.

यावरूनच २०२१ मध्ये महाराष्ट्र आणि आयसीएमआर यांच्यात एक वाद झाला होता, तो मला फार आवडतो कारण तो शुद्ध थ्रेशोल्डचा वाद आहे. कितव्या सायकलला सिग्नल दिसला त्याला सीटी व्हॅल्यू म्हणतात. विषाणू जास्त असेल तर सिग्नल लवकर, कमी असेल तर उशिरा. महाराष्ट्राने विचारलं की पॉझिटिव्ह धरायची मर्यादा २४ वर आणता येईल का? आयसीएमआरने नाही म्हटलं, ३५ पर्यंत पॉझिटिव्हच धरा, नाहीतर पुष्कळ संसर्गित माणसं सुटतील. २४ आणि ३५ यांत अकरा सायकल, म्हणजे दोनचा अकरावा घात, २०४८ पट फरक! २४ ची रेघ मारली असती तर तिच्याखालच्या पेशंटपेक्षा थोडेसेच विषाणू कमी असलेला माणूस कागदावर निरोगी झाला असता. आणि सीटी व्हॅल्यूत काडी किती खोल गेली, बर्फ टिकला का, किट कुठलं, हे सगळं मिसळलेलं असतं. नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवली तरी सीटी वाढतो. त्या आकड्यावरून आजाराचं गांभीर्य सांगणारे काका तेव्हा प्रत्येक सोसायटीत होते.

अँटिजेन टेस्टचं थोडक्यात. तिच्यात अ‍ॅम्प्लिफायरच नाही. विषाणूचं प्रोटीन पट्टीवर थेट पकडायचं, पंधरा ते तीस मिनिटांत रेघ. जून २०२० मध्ये आयसीएमआरने जे पहिलं किट मान्य केलं त्याची सेन्सिटिव्हिटी त्यांच्याच तपासणीत ५०.६ ते ८४ टक्के निघाली होती आणि स्पेसिफिसिटी ९९.३ ते १००. म्हणून नियमातच लिहिलं होतं की पॉझिटिव्ह आलं तर पॉझिटिव्ह, पण लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर करा. नियम सोपा होता. पण ‘आरटी-पीसीआर करा’ हे नागपुरात म्हणणं वेगळं आणि सिरोंचात म्हणणं वेगळं. पुण्याच्या मायलॅबच्या घरी करायच्या किटला मे २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तिथेही हीच अट होती. हॉस्टेलवर कुणी असल्या किटवर एक रेघ बघून ‘चला, मेसला जेवायला’ म्हणत असेल तर कृपया त्याला ही अट वाचून दाखवा.

मग करायचं काय? दोन उत्तरं आपल्या जवळपासच तयार झाली आहेत. एक नागपूरच्या नीरीचं. तिथल्या डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलाईनच्या गुळण्यांची पद्धत काढली, मे २०२१ मध्ये ती जाहीर झाली. साधं मिठाचं सलाईन भरलेली ट्यूब घ्यायची, पंधरा सेकंद गुळणी करायची, चूळ भरून त्याच ट्यूबमध्ये थुंकायची. लॅबमध्ये त्यात नीरीने तयार केलेलं द्रावण घालून अर्धा तास साध्या तापमानाला ठेवायचं, मग ९८ डिग्रीला सहा मिनिटं तापवायचं, की पीसीआरला लागणारा आरएनए मोकळा. काडी नाही, व्हीटीएम नाही, आरएनए काढायचं महागडं किट नाही, आणि नमुना पेशंट स्वतःच देतो! साठाव्या पेशंटचा थकलेला हात हा प्रश्नच यातून निघून गेला. खेड्यापाड्यांत आणि आदिवासी भागांत सोयीची म्हणूनच ती मांडली गेली. मला ही इंजिनिअरिंगची खरी गोष्ट वाटते. साखळीतली कच्ची कडी ओळखून तीच काढून टाकायची. अर्थात फुप्फुसात उतरलेल्या विषाणूला गुळणीही पोचत नाही, हे खरंच.

दुसरं उत्तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट. मूळ टीबीसाठी बनवलेलं, बॅटरीवर चालणारं, सुटकेसमध्ये मावेल एवढं मशीन, चिपवर पीसीआर, तासाभरात निकाल. २०२० पासून कोरोनासाठीही वापरलं गेलं. नीरीने काडी काढली, यांनी चारशे किलोमीटर काढले. दोन्ही एकत्र आले तर सिरोंचाच्या पेशंटचा निकाल सिरोंचातच, त्याच दिवशी.

पण निकाल येईपर्यंत पेशंटचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर फार आधी गडचिरोलीतच दिलं गेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८० च्या दशकात इथल्या गावांत लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा ना पीसीआर होतं, ना गावात एक्स-रे. त्यांनी श्वास मोजले. मूल दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर मिनिटाला साठ किंवा जास्त, मोठं असेल तर पन्नास किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनिया समजायचा. मोजणाऱ्या गावातल्या बायकांना आणि दाईंना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते, म्हणून मणी ओवलेलं एक साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर औषध सुरू. गावातल्या माणसांनीच निदान करून औषध देण्याच्या या प्रयोगात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाले आणि १९९० साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. कोणता जंतू, हे त्या मण्यांना कधीच कळलं नाही. मूल धोक्यात आहे एवढं कळलं आणि तेवढं पुरलं.

पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. त्यानंतर नायडू हॉस्पिटलसमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने पेशंटचे ए, बी, सी असे गट पाडून दिले. सौम्य त्रास असलेल्या ए आणि बी गटाला स्वॅबच नाही. बी गटातले जास्त ताप असलेले आणि गरोदर बायका, म्हातारे, जुने आजार असलेले लोक यांना तपासणीशिवाय गोळ्या. स्वॅब फक्त धाप, छातीत दुखणं, रक्तदाब कमी होणं अशा सी गटाला, आणि त्यांनाही लगेच दाखल करून औषध सुरू. रिपोर्ट मागून येऊ दे.

सिरोंचाच्या पेशंटला तेलंगणात नेतात तेव्हा बरोबर एक कागद जातो आणि त्यावर एकच शब्द असतो. निगेटिव्ह. माझ्या मते त्या कागदावर आणखी चार गोष्टी यायला हव्यात. लक्षणं सुरू होऊन किती दिवस झाले, नमुना नाकाचा की घशाचा की कफाचा, टेस्ट अँटिजेन की पीसीआर, आणि स्वॅब घेताना पेशंटचा ऑक्सिजन किती होता व मिनिटाला श्वास किती. आठवा दिवस, घशाचा स्वॅब, अँटिजेन, ऑक्सिजन ८८, श्वास ३४, रिपोर्ट निगेटिव्ह. असा कागद वाचल्यावर मंचेरियलचा डॉक्टर त्या माणसाला साध्या वॉर्डात टाकणार नाही, मग कागद मराठीत असो की तेलुगूत.